वाकड्या वेलीचे बूट

स्टाफरूममधून वह्यांचे गठ्ठे जातात, किस्से मात्र साठत राहतात! आमच्या बुऱ्हाणपूरच्या शाळेतले निम्मे किस्से तर माझ्या बुटांचेच आहेत.

मी चित्रकलेची बाई. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं ब्रश धरेनात, साधी सरळ रेघ येईना. चित्र कायमचं सुटतंय की काय, या भीतीने मी कागदाला हातच लावेना.

तेव्हा गणिताचे पाटील सर शाहपूरच्या बाजारातून पांढरे, स्वस्तातले कॅनव्हासचे बूट घेऊन आले. "मॅडम, कागद खराब होईल म्हणून डरता ना? मग यांच्यावर काढा. बिघडले तर केळीच्या बागेत घालीन!"

मी वेल काढली. इतकी वाकडी, की पान कुठलं नि फूल कुठलं ते मलाच सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी सर तेच बूट घालून वर्गात हजर!

*

मग हिंदीच्या लता मॅडमनी बूट आणले. दोन्हींच्या बाहेरच्या बाजूला मी मोर काढले, पण एकाचं तोंड पुढे आणि दुसऱ्याचं मागे झालं.

लता मॅडमनी बूट घालून पाहिले. "अगं, हा मोर शाळेत येतोय, आणि हा छुट्टी मारून घरी पळतोय!"

*

तेच बूट काठावर काढून लता मॅडम राजघाटावर तापीत उतरल्या. वर येऊन पाहतात तर सगळ्यांच्या चपला गायब, यांचे बूट जागेवर!

"चोराने पण हात नाही लावला!" त्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं. माझं तोंड उतरलं.

"अगं, नाराज काय होतेस? सगळ्या अनवाणी गेल्या. तुझ्यामुळे मी एकटी बूट घालून घरी आले. थँक्यू!"

*

पाटील सरांचे बूट शेवटी केळीच्या बागेत गेलेच. चिकाचे काळे डाग पडले. घरी घासघासून धुतले.

"मॅडम, तुमचा कलर तर निघून गेला, पण केळीचा डाग नाही गेला. अगली बार कलरमध्ये चीकच टाका!"

या माणसांचे उपकार मी कसे फेडू? चेष्टा करता करता त्यांनी रोज माझ्या हातात ब्रश दिला.

*

परवा सर तेच बूट परत घेऊन आले. "पुन्हा रंगवून द्या."

मी मन लावून वेल काढली. सरांनी बूट उलटसुलट करून पाहिले. "ही नाही. पहिली वाकडी होती ना, तशीच पाहिजे."

मी पुसून पुन्हा काढली. पुन्हा पुसली. काही केल्या तशी येईना! सर बूट घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी बुधवारा मोहल्ल्यातून येताना त्यांनी अख्ख्या स्टाफसाठी गरम मावा जिलेबी आणली.

हेडमास्तरांनी विचारलं, "काय पाटील सर, कशाबद्दल?"

"मॅडमना वाकडी रेघ जमेना, सर!"