दोरा बांधलेला दोडका

नॉटिंगहॅममध्ये दोडका लावायचा तर काचघर हवं. धम्मशीलाताईंच्या परसात ते होतं, दोन माणसं जेमतेम मावतील एवढं. त्यांचे यजमान मिलिंदराव वारण्याआधी गावाहून बिया घेऊन आले होते. तेव्हापासून दर वर्षी वेल चढायची. बियाण्यासाठी एक फळ राखायचं, त्याला दोरा बांधायचा. यंदा उन्हाळा गार गेला. फळ एकच धरलं. ताईंनी लगेच त्याला पांढरा दोरा बांधला.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांच्या मैत्रिणीचे, रोझारियोचे उपचार थांबवले; आता उपयोग नव्हता. दोघींनी एकाच वॉर्डात नर्स म्हणून बावीस वर्षं काढलेली. चार दिवस तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. ताईंनी तिला आपल्या घरी आणलं, काचघरापाशी उन्हात बसवलं.

"पाटोला," रोझारियो वेलीकडे बघत म्हणाली. "मनिलाजवळ आमच्या कुंपणावर असायचा. आई बारीक शेवयांत घालायची."

ताई थबकल्या. रविवारी विहारात त्या पाली शिकवत. "अगं, विनयपिटकात, भिक्खूंच्या नियमांत, औषधी पानांमध्ये पटोल येतो. त्याचंच आमचं पडवळ झालं. तुमच्याकडे हा शब्द मलय लोकांकडून पोचला असणार."

"म्हणजे हे पडवळ?"

"नाही. हा दोडका."

"म्हणजे लेबल बरोबर, बाटली चुकीची," रोझारियो म्हणाली. "तरीच प्रत्येक इंजेक्शन मी दुसऱ्यांदा तपासायचे."

ताई हसल्या. रोझारियो मात्र दोऱ्याकडे बघत होती. दोरा कशासाठी ते तिला माहीत होतं. "शेवयांत घालतेस?" असं ती म्हणाली नाही.

ताई कात्री घेऊन वेलीपाशी उभ्या राहिल्या. घरात दुसरी बी नव्हती. दोडका अजून कोवळा होता. आणखी आठवड्याने चिवट झाला असता. त्यांनी आधी दोरा सोडला, पदराच्या टोकाला बांधला. मग देठ कापला.

लसूण, पाणी, शेवया. मीठ रोझारियोला विचारून.

ताई वाटी घेऊन समोर बसल्या. चमचा भरला. वॉर्डात औषध देण्याआधी विचारत, त्याच आवाजात म्हणाल्या, "नाव?"

"रोझारियो."

"जन्मतारीख?"

तिने सांगितली.

"कशाची ॲलर्जी?"

"पडवळाची," रोझारियो म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.