अर्धं सारवलेलं घर

“तिकडं ओलं हाय म्हणा.”

हे ती अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे पाहून म्हणायची. पदर नाकापर्यंत ओढलेला, हातात झाडू. पेरूला ओल्या-कोरड्याचं काय करायचं होतं? ते बोलणं तिच्या भासऱ्यासाठी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासाठी असे, आणि तो तिथंच हातभर अंतरावर उभा असे. आमच्याकडच्या घरांत तुम्ही वावरला असाल, तर हे तुम्हाला नवं नाही. भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला शिवायचं तर मुळीच नाही. चुकून धक्का लागलाच तर दोघांनी डोक्यावरून आंघोळ करायची.

विदर्भ इकडून, मध्य प्रदेशातून, तुटून चार-सहा वर्षं झाली होती. बालाघाटात मुलींना मराठी शिकवायला मी होते, आणि त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मी आले आणि पेरूची सुटका झाली.

“बाई, सांगा न त्यायले, हळू चाला म्हणा.”

“बाई, तिले सांगा, मी का लेकरू हाय?”

दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू यायचं. तरी माझ्या तोंडून गेल्याशिवाय निरोप पोचला असं धरत नसत. माझा स्वभाव आधीच तिखट. एकदा मी म्हटलं, “मला शाळेला उशीर होतोय, तुम्ही आपले पेरूशीच बोला.” ती पदराआड हसली.

तिचा नवरा बैहरकडे जंगलखात्यात होता, पंधरवड्यानं घरी यायचा. आईबाप लवकर गेले, तेव्हा या थोरल्यानंच त्याला वाढवलं होतं. एके काळी धानाची पोती पाठीवर वाहणारा गडी. आता बायको नाही, मूल नाही, गुडघे लटपटत आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

मी राहायला येण्याआधी तो एकदा न्हाणीपाशी घसरून पडला होता. ती हंडा घेऊन शेजारीच उभी होती. तिचा हात पुढे झाला नाही. रस्त्यावर धावत जाऊन तिनं एका गाडीवानाला बोलावून आणलं, तोवर तो चिखलात कण्हत पडून होता. मांडीचं हाड कसंबसं जुळलं, पण पाय आखूड झाला. पुन्हा पडले तर उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं.

“माह्या डोळ्यादेखत पडले, बाई,” ती मला म्हणायची. “मी नुसती पाहत राह्यली.”

तेव्हापासून तिनं एकच ध्यास घेतला होता. न्हाणीच्या दगडावरचं शेवाळ खापरानं खरवडायचं, वर राख टाकायची. वाटेत पाट नाही, बादली नाही. त्याला बाहेर जायचं असलं की ती काठीचं एक टोक धरून पुढे चालायची आणि दुसरं टोक धरून तो मागे. आणि घर ती अर्धंच सारवायची. ते वाळलं की दुसऱ्या दिवशी उरलेलं, म्हणजे खाटेपासून दारापर्यंत कोरडी वाट कायम राहावी.

“काहून वं, शेण सरलं का?” शेजारणी विचारत.

“सरलं नाई. वाट ठेवली.”

एका दिवाळीला लांजीहून नणंद आली. “लक्ष्मी का अर्ध्याच घरात येते?” म्हणाली, आणि ही पाण्याला गेली असताना तिनं सगळं घर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारवून काढलं. मी दारात चहा घेत बसले होते. म्हातारा उठला आणि आपल्या रोजच्या वाटेनं निघाला. ही तेवढ्यात अंगणातून आत येत होती. त्याचा पाय सटकला. तिनं हंडा टाकून दिला आणि समोरून त्याला दोन्ही हातांनी कवळलं. पदर पार खांद्यावर आला होता.

“पाय टेका,” ती त्याला म्हणाली. थेट त्याला. “हळू. मी धरलं हाय.”

“सोड वं,” नणंद म्हणाली. “भासरा हाय तो तुया.”

तिनं सोडलं नाही. त्याला खाटेवर बसवलं तेव्हाच हात काढले.

नणंदेनं दोघांसाठी आंघोळीचं पाणी काढलं. म्हातारा म्हणाला, “राहू दे ते पाणी. मी पडलो असतो तं मसणातून येऊन साऱ्यायनं आंघोळ केलीच असती.”

मी रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती त्याचा हात धरून त्याला रस्त्यापर्यंत नेऊ लागली. लोक बोलले. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तो तिला “चाल माय” म्हणायचा, आणि ती उत्तर द्यायची.

पुढे माझी किरनापूरला बदली झाली. तिथं दुसऱ्याच पावसाळ्यात निरोप आला, की ती तापानं गेली. आजारी पडली आणि आठवड्याच्या आतच गेली. वय ते काय होतं तिचं.

मी भेटायला गेले. नवरा रजा काढून घरीच होता. म्हातारा खाटेवर बसलेला.

“भाऊ उठतच नाई, बाई,” नवरा म्हणाला. “मी हात देतो, तं धरत नाई.”

मी जवळ गेले आणि माझा हात पुढे केला. त्यानं तो चाचपून पाहिला, थोपटला आणि हळूच माझ्याकडे परत सारला.

“नोको बाई,” तो म्हणाला. “आता मी पडत नाई.”