कुरुमिझावाचं नाव

सकाळी देव्हाऱ्यापुढचा भात उतरवत होते, तेवढ्यात तोमोए-सान आल्या. बुद्धाला आणि आमच्या गेलेल्या माणसांना दाखवलेला भात निवला की तोच आम्ही खातो. त्यांनी दारात चपला काढल्या, आधी देव्हाऱ्यापुढे बसून हात जोडले, घंटा वाजवली आणि मग माझ्याकडे वळल्या.

"हारुए, राजवाड्यावर गवत काढायला येतेस का?"

"मी? माझ्या परसात गुडघ्याएवढं गवत माजलंय, ते आधी बघा."

"बघितलं. म्हणूनच विचारतेय. तिथे तरी काढशील."

टोकियोच्या राजवाड्याचं आवार झाडायला, तण काढायला गावोगावची माणसं आपल्या खर्चानं जातात. आमच्या आईवडिलांपासूनची ही रीत आहे. त्यासाठी टोळी पुरेशी मोठी लागते आणि पंचाहत्तरी उलटलेल्यांना घेत नाहीत. तोमोए-सानची पंचाहत्तरी त्या हिवाळ्यात उलटणार होती. आमच्या मिझुगुचीची टोळी जमत आली होती, दोन बायका कमी पडत होत्या. एक त्या, एक मी.

तोमोए-सान मिझुगुचीच्या नव्हत्या. त्या वरच्या कुरुमिझावाच्या. डोंगरात अक्रोडाच्या झाडांमधून ओढा येतो, त्याच्या काठी ती वस्ती. एके काळी शाळा होती, देऊळ होतं, पोरांचा गलका होता. मग एकेक घर खाली उतरलं. शेवटी तोमोए-सान तेवढ्या राहिल्या. पती तोकुजी-सान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नगरपालिकेनं सांगून टाकलं होतं की यंदा रस्त्यावरचं बर्फ हटवणारी गाडी एका घरासाठी वर चढणार नाही. म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या चाळीत त्यांना खोलीही देऊ केली होती, दक्षिणेकडे खिडकी असलेली.

त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. म्हणाल्या होत्या, "राजवाड्यावर जाऊन आले की उतरते."

मला कारण ठाऊक होतं. तोकुजी-सान तरुणपणी कुरुमिझावाच्या पोरांची टोळी घेऊन तिथे गेले होते. सगळे ओळीत उभे असताना समोरून खुद्द सम्राटांनी विचारलं, कुठून आलात? म्होरक्या म्हणून तोकुजी-साननी उत्तर दिलं, आकिताच्या कुरुमिझावाहून. एवढंच. पण दर नववर्षाला दोन पेले पोटात गेले की ते उठून उभे राहत आणि ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवत. पुढच्या खेपेला तुला नेतो, असंही तोमोए-सानना म्हणत.

"माणूस गेलं की भटजी नाव घेऊन मंत्र म्हणतात ना," तोमोए-सान मला म्हणाल्या, "गाव गेलं तर त्याचं नाव कुणी घ्यायचं? तिथे एकदा घेतलं जाऊ दे. मग मी कुलूप लावते."

आमच्या टोळीचे म्होरके होते ओनोदेरा-सान, पोस्टातून निवृत्त झालेले, तोमोए-सानच्याच वयाचे. त्यांना तोमोए-साननी गळ घातली. तिथे बोलायचं ते म्होरक्यानंच, बाकीच्यांनी मान खाली घालून उभं राहायचं. ओनोदेरा-सान भला माणूस. "आकिताच्या मिझुगुचीहून आणि कुरुमिझावाहून आलो आहोत," हे वाक्य त्यांनी गाडीत बसल्यापासून घोकायला घेतलं. चहाच्या दुकानवाली किनुयो माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, "ओनोदेरा-सान, लग्नात बायकोला मागणी घालताना तरी एवढी तयारी केली होती का?"

"मागणी तिनंच घातली," ते म्हणाले आणि पुन्हा घोकायला लागले.

राजवाड्यावर आम्ही सगळ्यांनी डोक्याला एकसारखे पांढरे पंचे बांधले. त्यांवर मिझुगुची असं छापलेलं होतं. तोमोए-साननी आपला घरून आणला होता, धुऊन धुऊन विरलेला, कोरा. त्यावर कधी काही छापलं होतं की नाही, आता सांगता आलं नसतं. खंदकाच्या आतल्या बाजूला पाइनच्या झाडांखाली आम्हाला जागा नेमून दिली. खुरपी मिळाली. उकिडवं बसून आम्ही सरकत होतो. तोमोए-सान कुणाशी बोलत नव्हत्या. लव्हाळ्याची गाठ मुळासकट निघेपर्यंत त्या पुढे सरकत नसत, त्यामुळे मागेच पडत. आमची रांग गप्पा मारत दूर निघून जाई आणि त्या एकट्या मोठ्या दगडी भिंतीखाली दिसत.

दुसऱ्या दिवशी कुठल्याशा देशाचा नवा राजदूत आपली अधिकारपत्रं सादर करायला आला. घोडागाडीतून. आम्ही खुरपी खाली ठेवून बाजूला झालो. घोड्यांच्या टापा, काळा झगझगीत डबा, मागे स्वार. सगळं आवाज न करता राजवाड्याच्या लांबलचक दालनाकडे वळलं. त्यांच्या मागे रस्त्यावर लीद पडली होती.

"ही कुणी उचलायची?" किनुयो कुजबुजली. "नेली असती हो घरी. चहाच्या झाडांना घातली असती, राजवाड्याची म्हणून भाव वाढवला असता."

तोमोए-सान मात्र दालनाकडे बघत राहिल्या. "त्या माणसालाही विचारतील ना, कुठून आलात म्हणून," त्या म्हणाल्या.

आमची पाळी तिसऱ्या दिवशी आली. कपडे झटकून आम्ही ओळी केल्या. ओनोदेरा-सान पुढे, मी आणि तोमोए-सान त्यांच्या मागच्याच ओळीत. वाकायचं किती आणि उठायचं कधी, हे आधी दोनदा करून घेतलं होतं. मग सगळीकडे सामसूम झाली. मी मान खाली घातली, मनातल्या मनात अमिदा बुद्धाचं नाव घेऊ लागले. समोरून शांत आवाजात प्रश्न आला. कुठून आलात?

"आकिताच्या मिझुगुचीहून," ओनोदेरा-सान म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिथेच थांबला. त्यांची मान घामानं चकाकत होती.

मग भाताबद्दल विचारणा झाली, यंदा पीक कसं आहे. ओनोदेरा-सान म्हणाले, "आभारी आहोत."

माझ्या शेजारी तोमोए-साननी श्वास ओढून घेतलेला मी ऐकला. आता बोलतील, असं वाटलं. दोन शब्द. कुणी त्यांना काही म्हटलं नसतं. पण तो श्वास तसाच हळूहळू बाहेर गेला. मग पावलं पुढच्या टोळीकडे वळली आणि तिकडून कुणा दुसऱ्या गावाचं नाव ऐकू आलं.

संध्याकाळी मुक्कामावर ओनोदेरा-सान आमच्या खोलीच्या दाराशी आले आणि चटईला कपाळ टेकून बसले. उठेचनात.

"उठा हो," तोमोए-सान म्हणाल्या. "गुडघे दुखतील. उद्या अजून गवत आहे."

"पुढच्या वर्षी मी..." ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी तुम्हीही बाद आणि त्याही बाद," किनुयो म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

ते गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही का नाही बोललात? श्वास घेतला होता की."

तोमोए-सान पंच्याची घडी घालत होत्या. "म्होरक्या पुढे उभा असताना मागून बोलायचं? त्याला बोलता येत नाही, असं तिथे दाखवायचं? तो माणूस आयुष्यभर त्याच गोष्टीत अडकून राहिला असता." मग घडी उशाशी ठेवत म्हणाल्या, "आमचे हे असते तरी बोलले नसते."

त्या रात्री त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या.

घरी आल्यावर मी त्यांच्या नव्या खोलीत झाडलोट केली, पडदे लावले. पालिकेचा माणूस किल्ली देऊन गेला. एक आठवडा झाला, तोमोए-सान आल्या नाहीत. डोंगराच्या माथ्यावर पहिलं पांढरं दिसायला लागलं. फोन केला तर वाजत राहिला. शेवटी मी मुळ्याचं लोणचं आणि तांदूळ घेऊन वर गेले.

घर उघडं होतं. बांधलेलं सामान ओसरीवर तसंच होतं. त्या घरात नव्हत्या. हाका मारत मी शाळेपर्यंत गेले. शाळेचं छत बसलं होतं, पण समोरचं अंगण स्वच्छ निघालं होतं. काढलेल्या गवताचे ढीग कडेला लागले होते. देवळाची पायवाटही साफ झाली होती. तोमोए-सान खालच्या एका बंद घराच्या दारात उकिडव्या बसून खुरप्यानं दगडांमधलं मूळ उकरत होत्या.

"हे कुणाचं घर?"

"सासाकींचं. साप्पोरोला गेले."

"येणार आहेत का?"

"कशाला येतील?"

मी तांदूळ खाली ठेवले. "खोली तयार आहे हो तुमची. पडदे लावलेत. बर्फ पडलं की गाडी येणार नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे." मूळ निघालं. माती झटकून त्यांनी ते ढिगावर टाकलं. "पण नाव काही घेतलं गेलं नाही, हारुए. अजून संपलेलं नाही हे गाव. अर्धवट टाकून कसं उतरायचं?"

मी त्यांच्या शेजारी बसून थोडं गवत काढलं. बोटं गारठली. उजेड कमी व्हायला लागल्यावर त्याच म्हणाल्या, "तू जा आता. खालचा रस्ता निसरडा झालाय."

वळणावरून मी मागे बघितलं. त्या पुढच्या घराच्या दारात सरकल्या होत्या.