अकरा स्टॉपांचं जर्मन

"आजचा शब्द दे, मग बस."

सकाळी पावणेसातला आमच्या बिल्डिंगखाली रिक्षा उभी करून अंकल दारात हात आडवा धरायचे. हा त्यांचा टोलनाका. आत जायचं तर प्रत्येक पोरानं एक इंग्रजी शब्द द्यायचा, अर्थासकट. मी पहिलीत होते. पहिल्या दिवशी घाबरत घाबरत म्हटलं, "डॉग."

"डॉग झाला गो. गेल्या सोमवारीच झाला. नवीन दे."

मी रडायला लागले. मागून चौथीतला एक दादा ओरडला, "अंकल, तिच्याकडून 'क्राय' घ्या!" अंकलनी तो शब्द जमा करून घेतला आणि मला उचलून आत बसवलं.

असा एखादा रिक्षावाला तुमच्याही लहानपणी असेलच. तिघांच्या सीटवर सहा पोरं, बाहेर लटकलेली दप्तरं, आणि कुणाचा डबा घरी राहिला हे आईच्या आधी त्याला माहीत. आमच्या अंकलचं गाव वसईत, राजोडीच्या अलीकडे. ख्रिस्ती कोळ्यांचं घर, वडिलांची होडी होती. पण अंकलना होडीत उलट्या व्हायच्या. "कोळ्याच्या पोटी येऊन समुद्र लागतो गो मला. कुनाला सांगू नको," असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

आता हा माणूस इंग्रजी शिकणार आमच्याकडून, म्हणजे कसलं इंग्रजी शिकणार ते बघा. आम्ही शाळेत दिवसभर जी वाक्यं म्हणायचो तीच. आमच्या घरी कधी आले तर उंबऱ्याबाहेर ताठ उभे राहून विचारायचे, "मे आय कम इन, टीचर?" आई म्हणायची, "अहो, या की आत!" तरी "येस" म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. तहान लागली की "मे आय ड्रिंक वॉटर?" चार दिवस सुट्टी हवी असली की पालकांना फोन करून, "आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर." ताप नसायचा. सुट्टी मागायची म्हणजे असंच म्हणायचं, असं त्यांना आम्हीच शिकवलं होतं.

एकदा मी विचारलं, "अंकल, तुम्हाला कशाला हवंय इंग्रजी?"

त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा कुवेतला नर्स होती. अंकल म्हणाले, "उद्या ती तिकडेच लगीन करेल. तिची पोरं इंग्रजी बोलतील. ती आली की मी काय मुक्यासारखा बसू त्यांच्यासमोर?"

नातवंड जन्मायला अजून कितीतरी वर्षं होती. हा माणूस त्याच्याशी बोलायची तयारी तेव्हापासून करत होता.

वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या दिवशी मात्र टोलनाका बंद. त्या दिवशी रिक्षा घरी न येता थेट राजोडीच्या समुद्रावर जायची. आयांना माहीत असायचं, त्या दुपारचं जेवण उशिराच वाढायच्या. सुरूच्या झाडांखाली अंकल आम्हाला ओळीत बसवून ताडगोळे सोलून द्यायचे आणि स्वतः पाण्याकडे पाठ करून बसायचे. माझी उन्हाळ्याची सुट्टी त्या ताडगोळ्यापासून सुरू व्हायची. गावी आमचं चिपळूणला घर आहे, आंबे आहेत, सगळं आहे. पण सुट्टी म्हटलं की मला अजून हाताला चिकटलेली ती वाळू आठवते.

मी मोठी झाले, बसनं जायला लागले, अंकल कधीतरी स्टँडवर दिसायचे. त्यांची मुलगी कुवेतहून जर्मनीला गेली, तिथल्याच माणसाशी लग्न केलं, मुलगी झाली. लेना. जर्मनीत जर्मन बोलतात हे अंकलना ठाऊक होतं. पण इंग्रजी म्हणजे सगळ्या फॉरेनची किल्ली, असा त्यांचा समज. लेना बोलायला लागल्यावर एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी इतक्या वर्षांची सगळी जमा बाहेर काढली. लेनानं ऐकून घेतलं आणि आईकडे वळून जर्मनमध्ये विचारलं, आजोबा काय म्हणतायत?

हे मला त्यांनीच सांगितलं, आमच्या सोफ्याच्या काठावर बसून. मी तोवर विद्यापीठात जर्मन घेऊन एमए करत होते. आईनं कुठेतरी रस्त्यात त्यांना ते सांगितलं असणार. हातात सुकेळ्यांची, म्हणजे आमच्या वसईच्या सुक्या केळ्यांची, पुडी घेऊन ते चार जिने चढून आले होते.

"मुलगी सांगते, पप्पा, तुम्ही बोला, मी तिला जर्मनमधे सांगते. पन मला तसं नको. मधे कोन नको. मी बोलनार, ती ऐकनार." मग एकदम उठून उभे राहिले. "शिकवाल का, टीचर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी माझं नाक पुसलं ते मला 'टीचर' आणि 'तुम्ही' म्हणत होते. मी कितीदा सांगितलं, अहो, मला नावानं हाक मारा. पण नाही. आणि मुलीला यातलं काही कळता कामा नये, अशी अट. तिला चकित करायचं होतं.

शिकवणं सोपं नव्हतं. वहीत देवनागरीत वाक्यं लिहून दिली, घरी जाऊन पाठ करत, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. पासष्टीचा माणूस, डोकं धरून बसायचा. मलाही वैताग यायचा. मग एक दिवस मला युक्ती सुचली. अंकलना गाव ते स्टेशन रस्ता झोपेतही पाठ होता. शेअर रिक्षाचे अकरा स्टॉप. मी म्हटलं, प्रत्येक स्टॉपला एक वाक्य टांगू. स्टँडवर 'गुटन मॉर्गन, लेना'. चर्चपाशी 'तू कशी आहेस'. तळ्यापाशी 'तू किती मोठी झालीस'. असं करत करत बाजार, शाळा, आणि स्टेशनला शेवटचं, 'मी तुझी खूप वाट बघितली'.

काय सांगू तुम्हाला! आठ दिवसांत अकराच्या अकरा वाक्यं पाठ. रिक्षा चालवताना अखंड पुटपुटायचे. मागे बसलेल्या एका बाईंना वाटलं अंकल रोझरी म्हणतायत, त्याही हात जोडून बसल्या. मी विद्यापीठात ऐटीत या प्रयोगावर निबंध लिहिला. मॅडमनी तो वर्गात वाचून दाखवला. मी टाळ्या घेतल्या.

फक्त एक भानगड होती. घरी बसून विचारलं तर अंकलना एक अक्षर आठवत नसे. डोळे मिटायचे, दोन्ही हात हवेत हँडलसारखे धरायचे, आणि स्टँडपासून सुरुवात. 'तुझ्यासाठी सुकेळी ठेवलीत' हे सातवं वाक्य. ते बोलायचं तर आधी सहा स्टॉप घ्यावे लागत. मी हसून लोळायचे. म्हटलं, "अंकल, लेना येईपर्यंत आपण ही वाक्यं रस्त्यावरून खाली उतरवू."

"नाही उतरली तर तुम्ही माझ्या बाजूला बसा, टीचर. अडलं की हळूच स्टॉप सांगा. चर्च म्हना, तळं म्हना. पुढचं माझं मी बघतो."

"बसेन की," मी म्हटलं. "नक्की."

शिकवणीला वर्ष होत आलं तेव्हा लेना ईस्टरच्या सुट्टीत दहा दिवसांसाठी आली. जन्मल्यापासून पहिल्यांदा. वय वर्षं आठ.

आणि मी मनालीला गेले.

मैत्रिणींचं आयत्या वेळी ठरलं, तिकीट मिळालं. सहाच दिवस तर आहेत, परत आल्यावर चार उरतात, असा मी हिशेब केला. अंकलना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "जा, जा. मजा करा. मी थांबतो." तिकडे बर्फ पडला आणि मैत्रिणी म्हणाल्या, अजून राहू या. मी नाही म्हणू शकले असते. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. आम्ही चार दिवस आणखी राहिलो. मी त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा लेनाचं विमान सुटून एक दिवस झाला होता.

अंकल ओट्यावर बसले होते. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"रिक्षातून फिरवीन म्हटलं तिला," ते म्हणाले. "पन जावई नको म्हनाला. दार नाय, पट्टा नाय. त्यांचं बरोबर आहे. भाड्याची गाडी केली होती. मग घरातच बसलो आम्ही. समोरासमोर."

"मग?"

"आठवेना गो." टीचर विसरून ते जुन्यासारखं बोलले. "रोज सकाळी तिच्या खाटेपाशी जायचो. ओठ हलायचे, बाहेर काय येत नव्हतं. एकदा हात वर घेतले, असे," त्यांनी हँडल धरलं, "तर ती खदखदून हसली. मग मी हात खाली घेतले. मुलगी म्हनाली, काय सांगायचंय ते मला सांगा, पप्पा. मी म्हटलं, नको, मीच बोलतो. मनात म्हटलं, टीचर येतील उद्या."

मी माफी मागायला लागले, तर मलाच म्हणाले, "जाऊ द्या. पुढच्या वेळेला आधी तुमची हजेरी घेनार."

पुढची वेळ आली नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी स्टँडवर नंबराची वाट बघत रिक्षातच ते गेले. मागच्यानं दोनदा हॉर्न दिला, तिसऱ्यांदा खाली उतरून बघितलं. मुलगी एकटीच धावत आली. मातीला मी गेले होते, पण मागे उभी राहिले. तिला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

दोन नोव्हेंबरला आमच्याकडे ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस असतो. संध्याकाळी सगळं गाव कबरस्तानात जातं, कबरी धुऊन फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. त्या गर्दीत यंदा अंकलची मुलगी लेनाला घेऊन आली होती. अंकलच्या कबरीची माती अजून कच्चीच होती. मी झेंडूचा हार घेऊन गेले. मुलीनं मला ओळखलं, माझ्या आईनं तिला माझ्याबद्दल सांगितलं असणार. "तू जर्मन शिकतेस ना?" म्हणाली आणि लेनाला माझ्याजवळ ठेवून फादरशी बोलायला गेली.

लेना मेणबत्तीचं मेण बोटानं खरवडत होती. मी जर्मनमध्ये नाव सांगितलं तशी ती दचकली. तिथे तिच्या भाषेत बोलणारं आईशिवाय कुणी तिला भेटलंच नव्हतं. मग तिनं विचारलं,

"तू आजोबांना ओळखायचीस?"

"हो."

"ते माझ्यावर रागावले होते का? मी त्यांना हसले होते. त्यांनी हात असे केले, मला वाटलं खेळ आहे, म्हणून मी हसले. मग ते कधीच बोलले नाहीत. आई म्हणते ते लाजाळू होते. पण ते बाकी सगळ्यांशी बोलायचे."

विद्यापीठात जर्मनमध्ये मी पहिली आलेय. तिचा शब्दन् शब्द मला समजला. तिथे, त्या गर्दीत, मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की ही भाषा मला आली नसती तर बरं झालं असतं.

मी खाली बसले. सांगितलं, नाही गं, रागावले नव्हते. तुझ्याशी बोलायला ते जर्मन शिकत होते. अकरा वाक्यं शिकले होते. रोज, वर्षभर, रिक्षा चालवता चालवता. पण ती आठवायला त्यांच्या बाजूला त्यांची टीचर बसायला हवी होती, आणि टीचर आलीच नाही.

"का नाही आली?"

"फिरायला गेली होती."

लेनानं मेणबत्तीवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षांच्या पोराला काही वेगळं सांगावं लागत नाही.

"ती टीचर तू होतीस?"

मी मान हलवली.

ती चिडली नाही, रडली नाही. शाळेत चुकीचं उत्तर दुरुस्त करतात तसं, सावकाश, मला नीट समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"तू यायला हवं होतंस."