पूर्ण भरले

नगर जिल्ह्यात क्रेडिट कार्ड असलेली माणसं आता गल्लोगल्ली सापडतील. पण कार्डाचं बिल भरायला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आणि कपाळाला गंध लावून जाणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच असणार, आणि तो माझा थोरला मामा. "देणं फेडायला जाताना मानसानं सोयरिकीला गेल्यावानी जावं. तोंड लपवून जातो तो बुडवा," असं तो म्हणतो. बिलाची शेवटची तारीख दहा असली, तर मामा तीन तारखेलाच कार्ड देणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर हजर असायचा. हातात बहुधा पिशवी असायची आणि पिशवीत गावाकडची वांगी नाहीतर शेंगा. काउंटरवरच्या मॅडमना त्या घ्याव्याच लागत. त्या नको म्हणाल्या की मामा म्हणायचा, "तुमी आमचं महिनाभर उसनं सांभाळलं, आमी काय दोन वांगी देऊ ने का?"

मामा नागापूरच्या एमआयडीसीत टर्नर आहे. लेथवर लोखंड कातण्यात त्याची सगळी उमर गेली. आठ-नऊ वर्षांपूर्वी तो नगरच्या एका मोठ्या दुकानात फ्रीज आणायला गेला, तेव्हा पैसे कापडी पिशवीत रोख घेऊन गेला होता. तिथल्या एका मुलीनं त्याला दुकानाचं कार्ड घ्यायची गळ घातली. मामानं हात जोडले. "बाई, आमच्या घरातली उचल एकदाची संपली हाय. आता परत न्हाई." ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेतात, ती उचल. आमच्या पाथर्डीकडच्या माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. ती मुलगी बिचारी म्हणाली, "काका, महिन्याचा एकच फॉर्म कमी पडतोय. साहेब बोलतात हो." मामा विरघळला. "आन मग. पर ध्यानात ठेव, ह्यो फॉर्म तुझा हाय, माझा न्हाई." अशा रीतीनं एका अनोळखी मुलीला बोलणी बसू नयेत म्हणून मामानं कार्ड घेतलं, आणि एकदा घेतल्यावर मग त्याची घरातल्या माणसासारखी बडदास्त ठेवली.

व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे मापायचं साधन, मामाच्या खिशात असतं. त्याची आत मखमल लावलेली पेटी घरी रिकामी असायची. कार्ड त्या पेटीत गेलं. जाण्याआधी मामानं त्याची जाडी मोजली आणि पाऊण मिलिमीटरच्या वर एक शतांश भरली, म्हणून समाधानानं मान हलवली. "माल चांगला हाय." मामी अजूनही टोमणा मारते, "माझं मंगळसूत्र डाळीच्या डब्यात, आन ह्यांचं कार्ड मखमलीत!" बरं, कार्ड नुसतं ठेवून द्यायचं, तर तेही नाही. महिन्यातून एकदा त्यावर साबण, चहापत्ती, काही ना काही घ्यायचंच. एका महिन्यात घरी सगळं भरलेलं होतं, तरी मामानं एक मोठा झारा आणला. मामीनं विचारलं, "ह्यो कशाला?" तर म्हणाला, "देनंच नसलं तर फेडनार काय?"

त्या काउंटरवरच्या मॅडमनी एकदा भलेपणानं सांगितलं, "काका, सगळं कशाला भरता? मिनिमम भरलं तरी चालतं." मामानं चष्मा काढला. "मॅडम, मिनिमम म्हंजी दावं. जनावर चरतंय, हिंडतंय, त्याला वाटतं आपुन मोकळं. पर खुंट्याला हायच." मग पावतीवर त्यांच्याकडून शिक्का मारून घेतला. शिक्क्याशिवाय तो काउंटर सोडत नसे. मागची रांग कुरकुरली, तर वळून म्हणायचा, "थांबा की राव. शिक्का मिळायला यवढी वर्षं लागली, तुमाला दोन मिनिटं लागतील."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझ्या त्या पदवीत या कार्डाचा मोठा हात आहे. नगरला कॉलेजला आलो तेव्हा राहायला मामाकडेच होतो. लॅपटॉप लागणार होता आणि वडिलांकडे पैसे नव्हते. मामानं पेटी उघडली आणि कार्डावर हप्त्यानं लॅपटॉप घेतला. अट एकच, दर महिन्याला मी त्याच्याबरोबर रांगेत उभं राहायचं. मी राहायचो. शेंगांची पिशवी माझ्या हातात असायची, आणि वर्गातलं कुणी पाहील म्हणून मान खाली असायची. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

एका महिन्यात मामा बाजरीच्या काढणीला गावी तिसगावकडे गेला आणि चौतीसशे रुपये माझ्या हातात देऊन म्हणाला, "एकटा जाऊन भर. पुरं." मी गेलो. गॅदरिंग जवळ आलं होतं आणि माझे बूट फाटले होते. मी मिनिमम भरलं आणि उरलेल्या पैशाचे बूट घेतले. स्कॉलरशिप आली की बाकीचं भरू, असा हिशोब होता. स्कॉलरशिप आली नाही. पुढचं बिल आलं आणि त्यात व्याज आणि त्यावरचा कर मिळून दोनशे बारा रुपयांची वेगळी ओळ होती.

मामा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मला गाडीवर मागं बसवून दुकानात नेलं आणि सगळं भरलं. मॅडमनी सवयीनं शिक्का उचलला, तेव्हा त्यानं त्यांचा हात थांबवला. "ह्या पावतीवर नगा मारू. पैसं म्या भरलं. ज्यानं केलं त्याचं फिटायचं हाय अजून." परत येताना त्यानं एमआयडीसीच्या फाट्यावर गाडी लावली, दोन चहा सांगितले आणि पहिल्यांदाच मला त्या उचलीची गोष्ट सांगितली. माझे आजोबा, म्हणजे त्याचे वडील, वारले तेव्हा त्यांच्या नावावर मुकादमाची उचल शिल्लक होती. मामा तेव्हा सातवीत, वर्गात पहिला. शाळा सोडून त्यानं दोन हंगाम कोयता चालवला. "उचल फिटली. पर मुकादमानं कागद दिला न्हाई. धा वर्षं तो गावात म्हनायचा, ह्यांच्याकडं बाकी हाय. माझ्याकडं दाखवायला काय हुतं?" मामा चहाच्या ग्लासात बघत बोलत होता. शिक्क्याचं वेड कुठून आलं, ते मला तेव्हा कळलं. माझ्या पायात नवे बूट होते. ते मी बाकाखाली ओढून घेतले.

ती पावती पेटीत, कार्डाच्या खाली गेली. पुढं पुण्यात नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातले दोनशे बारा रुपये मी मामापुढं ठेवले. त्यानं ते माझ्याच खिशात कोंबले. "पैशाचं न्हाई रे ते." मग कशाचं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

दोन वर्षांपूर्वी दुकानानं तो काउंटर बंद केला. सगळं मोबाईलवर आलं. मामा महिनाभर सुतक असल्यासारखा वावरला. मग माझ्याकडून शिकला. तीन तारखेला अंघोळ करून, गंध लावून, मोबाईल पाटावर ठेवून समोर बसायचा आणि बोटानं बटण दाबायचा. पैसे गेल्याचा मेसेज आला की चार वेळा वाचायचा. "समदं खरं. पर शिक्का कुठाय?" शेवटी मी नगरच्या बसस्टँडजवळ एका शिक्केवाल्याकडून 'पूर्ण भरले' असा रबरी शिक्का करून आणला. तेव्हापासून पावतीची प्रिंट काढायची आणि मामानं तिच्यावर शिक्का मारायचा, असं सुरू झालं.

गेल्या महिन्यात मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, त्यात तीन तारीख. मामानं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुण्यात सकाळी उठलो, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खोलीत एकटाच बसून त्याचं बिल भरलं. रविवारी प्रिंट घेऊन नागापूरला गेलो.

मामा पलंगावर टेकून बसला होता. मी कागद हातात दिला. एका डोळ्यानं त्याला तो वाचता येईना, म्हणून कागदावरून नुसता अंगठा फिरवत राहिला.

"एकट्यानंच भरलंस?"

"हो मामा."

"पुरं?"

"पुरं."

 तो मामीला म्हणाला, "ती पेटी आन." त्यानं कार्ड बाजूला केलं आणि खालची पिवळी पडलेली पावती काढून माझ्यापुढं धरली. शिक्काही माझ्याच हातात दिला.

"मार," तो म्हणाला. "यवढी एकच ऱ्हायली हुती."

मी शिक्का शाईच्या पॅडवर दाबला. पावतीवर मारला, तर 'पूर्ण भरले' थोडं तिरकं उमटलं. शतांशाचा फरक ओळखणारा माझा मामा, त्यानं पावती उघड्या डोळ्याजवळ नेली, बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "सरळ आलंय."