तैसियाची मुकी सहल

तैसिया रोदिओनोव्ना रशियातल्या सुझ्दाल गावची. शाळा संपल्यापासून ती पाहुण्यांना गाव दाखवत आली. आवाज असा खणखणीत, की बाजारातल्या काकडीवाल्या म्हणायच्या, "तैसिया आपल्या क्रेमलिन किल्ल्याच्या तटावर बोलते आणि आमचं गिऱ्हाईक इकडे मान डोलावतं." नवरा फार पूर्वी व्लादिमिर शहरात निघून गेला होता. जाताना म्हणाला होता, "तू घरातसुद्धा मला माहितीच सांगतेस." त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. काम होतं, कामेन्का नदीकाठी घर होतं, मागे भाजीचा वाफा होता.

एका हिवाळ्यात, मास्लेनित्सा सणाच्या जत्रेत, गारठ्यात अकॉर्डियनच्या वर आवाज चढवून बोलताना तिचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांना स्वरतंतूंवर गाठ सापडली. शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली, पण डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली, "आता वसंत येईपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्यानं घशावर जास्त ताण येतो."

धाकटी बहीण रिम्मा प्स्कोवहून आली. घरभर फिरून म्हणाली, "ताई, इथे राहिलीस तर तू मांजरीला तरी काहीतरी सांगशीलच. चल माझ्याकडे."

प्स्कोवला रिम्मा दिवसभर दवाखान्यात कामावर. चार दिवस तैसियानं तिच्या खिडकीतून बर्फ पाहिलं. मग रिम्मानंच तिला एका सहलीत ढकललं. "आयुष्यभर दुसऱ्यांना दाखवलंस. आता तू बघ जरा."

गाइड पोरगी नवखी होती. पाठ केलेलं भराभर म्हणून मोकळी होत होती. तिथल्या किल्ल्याच्या तटापाशी ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, तेव्हा तैसियाचा जीव खालीवर झाला. अगं, पाठ कर वाऱ्याला! पण ओठ दाबून ती गप्प राहिली.

शेजारी सारान्स्कची फाइना नावाची एक धिप्पाड बाई होती. तिनं काहीतरी विचारलं. तैसियानं गळ्याकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलवली. फाइनाचा चेहरा एकदम पालटला.

"अरे देवा! मुकी आहेस का तू? ऐकूही येत नाही?" आणि उत्तराची वाट न बघता गाइडला ओरडली, "ए पोरी, सावकाश बोल! या बिचारीला ओठ बघून समजून घ्यावं लागतं!"

मग फाइनानं तैसियाचा दंड धरला तो सोडलाच नाही. घंटा वाजली की हातानं हवेत दोरी ओढून दाखवायची. थोरल्या चर्चमध्ये एका काळवंडलेल्या चित्रासमोर तिनं तैसियाला नेलं, आपल्या छातीवर हात ठेवला आणि उभी राहिली. तैसियाही उभी राहिली. असं चित्र पुढ्यात आलं की तिच्या जिभेवर आपोआप शतक यायचं, रंगाची तऱ्हा यायची. त्या दिवशी ते काहीच आलं नाही. चित्रातल्या आईचा गाल मुलाच्या गालाला टेकला होता, एवढंच तिला दिसलं, आणि बराच वेळ ती तेवढंच बघत राहिली.

दुपारी वेलिकाया नदीकाठी बाकावर बसून दोघींनी फाइनाच्या पिशवीतले कोबी भरलेले पिरोगी खाल्ले. नदी गोठलेली होती. एक माणूस बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसला होता. दोघी त्याच्याकडे बघत बसल्या. घोळका पुढे निघून गेला, त्याचं दोघींनाही काही वाटलं नाही.

संध्याकाळी परतीच्या बसपाशी फाइनानं तिला मिठी मारली. तैसियाला राहवलं नाही. घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "फार छान गेला दिवस. आभारी आहे."

फाइना दोन पावलं मागे सरली. "म्हणजे तू बोलतेस? आणि दिवसभर मी माकडासारखे हातवारे करत होते?"

"घशाचं ऑपरेशन झालंय. बोलायची बंदी आहे."

"मग ऐकू येतंय हे तरी सांगायचंस! होकारार्थी मान डोलवायला काय झालं होतं?" फाइना लालबुंद झाली होती. ती बसमध्ये चढली, मग परत उतरली, उरलेले पिरोगी तैसियाच्या हातात कोंबले आणि म्हणाली, "घे. आणि आता तोंड बंद ठेव." बस सुटली. त्या दोघींची गाठ पुन्हा पडली नाही.

आवाज परतला, पण अर्धाच. उन्हाळ्यात सुझ्दालच्या पर्यटन कचेरीनं तैसियाला लहान घोळके द्यायला सुरुवात केली. तटावर पोचली की ती आता थोडकं सांगते आणि बाजूला होते. माणसं नदीकडे, गवताकडे, निळ्या घुमटांकडे बघत राहतात. काहीजण कंटाळून फोन काढतात.

एकदा कचेरीतले वितालीय ल्वोविच तक्रार घेऊन आले. "तैसिया रोदिओनोव्ना, लोक म्हणतात बाई मध्येच गप्प होते. पैसे काय गप्प बसायचे घेतो आपण?"

"त्यांनी विचारलं तर सांगते की."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर बघतायत ना ते," तैसिया म्हणाली आणि रुमाल गळ्याभोवती नीट बांधून पुढच्या घोळक्याकडे निघाली.