दार नसलेल्या हॉलमधले सेफ्टी ऑफिसर

कुठल्याही ठिकाणी पाऊल ठेवलं की माणसानं आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवावी, मग ते ठिकाण प्रत्यक्षात असो वा नसो, असं माझ्या मामेसासऱ्यांचं मत आहे, आणि या एका मतावर त्यांनी आजवरचं आयुष्य काढलं आहे. माझ्या बायकोचे हे मामा तळेगावजवळच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. इतरांची निवृत्तीनंतर नोकरी सुटते. मामांचा फक्त कारखाना सुटला. आमच्या लग्नात पाहुणे सजावटीचं कौतुक करत होते तेव्हा मामा आचाऱ्याच्या शेगडीची नळी वाकवून बघत होते. सप्तपदीच्या वेळी त्यांनी भटजींना हात दाखवून थांबवलं, माझ्या उपरण्याचं लोंबणारं टोक माझ्या कमरेला खोचलं आणि मग 'चालू द्या' म्हणाले. आम्ही लोणावळ्याला राहतो, त्यामुळे आलेल्या पाहुण्यांना खंडाळ्याच्या कड्यावर नेणं हे आमचं कर्तव्यच असतं. तिथं सगळे दरीकडे तोंड करून उभे राहतात. मामा दरीकडे पाठ करून, कठड्याला टेकलेल्या माणसांवर नजर ठेवून उभे होते. परत येताना मी विचारलं, कशी वाटली दरी? "कठडा बरा आहे," ते म्हणाले.

अशा माणसाला लोक फार दिवस घरी बोलवत नाहीत. बेगडेवाडीला स्टेशनालगतच्या इमारतीत मामा-मामी राहतात. शेजारच्यांच्या वास्तुशांतीला मामांनी प्रसाद घ्यायच्या आधी मीटरची पेटी उघडायला लावली होती. एका बारशाला पाळण्याच्या कड्या स्वतः लोंबकळून तपासल्या होत्या. पुढं पुढं आमंत्रणं फक्त मामींच्या नावानं येऊ लागली. मामा गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि रूळ ओलांडणाऱ्या लोकांकडे बघत. सुरुवातीला ते वरून ओरडायचे, नंतर तेही थांबलं. मामी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "आता मनातल्या मनात रागावतात गं. ओरडायचे तेव्हा बरं होतं."

तेवढ्यात दिवाळीला त्यांची मुलगी बंगळूरहून आली. तिच्या कंपनीला मधे अशी हौस आली होती की मीटिंगा नेहमीसारख्या पडद्यावर न घेता एका खोट्या जगात घ्यायच्या. डोळ्यांवर पाणबुड्यासारखा जाड चष्मा चढवायचा, दोन हातांत रिमोटसारख्या दोन मुठी धरायच्या, की आपण घरी बसल्या जागी एका मोठ्या हॉलमध्ये पोचतो. तिथं प्रत्येकाला एक अवतार मिळतो. मान हलवली की त्याची मान हलते, हात उचलला की त्याचा हात उचलतो. कंपनीची हौस फिटली आणि चष्मा मुलीकडे पडून राहिला. वडिलांना थोडा विरंगुळा म्हणून तिनं तो आणला. मामांनी चार दिवस त्याला हात लावला नाही. ते सोबतचं माहितीपत्रक वाचत होते. चक्कर येऊ शकते, भिंतीवर आदळू शकता, जिन्याजवळ वापरू नये, अशा सूचनांनी ते भरलेलं होतं. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी आपला वाचायचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ज्यानं हे लिहिलंय तो कामाचा माणूस आहे."

मग त्यांनी दिवाणखान्यातलं टीपॉय हलवलं आणि फरशीवर काळ्या-पिवळ्या पट्टीचा चौकोन आखला. मामा आत असताना त्या चौकोनात पाय टाकायला मामींना बंदी झाली. देवघर पलीकडच्या भिंतीला असल्यामुळे संध्याकाळी दिवा लावायला त्या स्वयंपाकघर आणि गॅलरी असा वळसा घेऊन जात. तिकडचा अवतार निवडायला मामांना दोन संध्याकाळी लागल्या, कारण त्यांना डोक्यावर हेल्मेट हवं होतं आणि ते टोप्यांच्या खाली कुठंतरी दडलेलं होतं. त्या जगातल्या माणसांना कमरेखाली काही नसतं, ती नुसती तरंगतात. ही गोष्ट मामांनी फार चटकन स्वीकारली. सेफ्टी शूजचा प्रश्नच मिटला, असं ते म्हणाले. मामींचं म्हणणं एवढंच होतं की घरातला अवतार पुरेसा होता, दुसरा घ्यायची गरज नव्हती.

त्या जगात मराठी माणसांनी एक कट्टा चालवला होता. टेकडीवर काचेचा हॉल, खाली तळं, आणि रोज संध्याकाळी जगभरची माणसं तिथं गप्पा मारायला जमायची. नाशिकच्या एक दंतवैद्य बाई सशाच्या रूपात यायच्या. दुबईचे एक हिशेबनीस पेंग्विन होऊन यायचे आणि तिथल्या उन्हाळ्याबद्दल बोलायचे. मामांनी पहिल्याच दिवशी सर्वांना नमस्कार करून विचारलं की या हॉलला दार कुठं आहे. दार नव्हतं. बाहेर जायचं तर एक बटण दाबून माणूस दिसेनासा होई. हे मामांना पटेना. समजा बटण चाललं नाही तर? सशानं समजावलं की चष्मा काढला की झालं. मामा म्हणाले, गडबडीत माणसाला चष्मा काढायचं सुचत नाही, दार सुचतं. आठवडाभर ते रोज हेच म्हणत राहिले. शेवटी पेंग्विननं कंटाळून हॉलला दोन दारं लावून दिली. त्यांतून कधी कोणी गेलं नाही, पण मामांना तिथं बसल्यावर बरं वाटू लागलं. आणि नवल म्हणजे त्या लोकांनाही मामा आवडू लागले. कोणी टेकडीवरून उडी मारायला निघालं की मामा आडवे येऊन उभे राहत, आणि ती माणसं हसत हसत मागं फिरत. खऱ्या जगात जे कोणी ऐकलं नव्हतं ते खोट्या जगात सगळे ऐकत होते. मामी मला म्हणाल्या की बऱ्याच दिवसांनी यांनी जेवताना आमटीला चांगलं म्हटलं.

अंगात बळ आल्यावर मामांनी तिथं वर्ग सुरू केला. दर बुधवारी, कारखान्यातली सुरक्षितता, प्रवेश मोफत. बाजूची मीटिंगची खोली घेतली, भिंतीवर चित्रं लावली. पहिल्या बुधवारी ससा आला, पण चुकून. दुसऱ्या बुधवारपासून एकच विद्यार्थी उरला. भगव्या शर्टातला, पैलवानी खांद्यांचा एक तरुण अवतार पुढच्या बाकावर दोन्ही हात पुढ्यात धरून बसायचा. मामा त्याला हातमोज्यांबद्दल सांगत, सुटी बाही यंत्रात कशी ओढली जाते ते सांगत, आणि सर्वांत जास्त सांगत ते पत्रा कापायच्या प्रेसबद्दल. प्रेसला दोन बटणं असावीत, दोन हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय ती खाली येऊ नये, म्हणजे दोन्ही हात बाहेरच राहतात. हा धडा मामांनी निरनिराळ्या निमित्तानं कितीदा तरी घेतला. विद्यार्थी दर वेळी मान डोलवायचा. वर्ग संपला की दोघं तळ्याकाठी फिरायला जात. मामांनी मनाशी धरलं होतं की हा कुठला तरी परदेशातला इंजिनीअर असावा. एकदा गाव विचारलं तर तो म्हणाला, "मी हितलाच हाय सर. तिकोणा पेठेचा."

मामांनी ही बातमी मला फोन करून दिली. पवना धरणाच्या बाजूला, किल्ल्याच्या पायथ्याशी, म्हणजे आपल्या मावळातलाच माणूस. त्यांनी त्या विद्यार्थ्याला भेटायला येऊ का विचारलं. तो म्हणाला, या.

मामांनी त्याच्यासाठी भेट घेतली. कातडी हातमोज्यांची उत्तम जोडी, आतून अस्तर, बोटांना दुहेरी शिवण. ती घेऊन रविवारी सकाळी ते माझ्या गाडीत बसले आणि कामशेतपासून पेठेपर्यंत प्रत्येक वळणाच्या आधी मला वळण आहे म्हणून सांगत राहिले. घराच्या ओट्यावर एक चाळिशीपुढचा, हडकुळा माणूस वाट बघत उभा होता. पैलवानी खांदे नव्हते. आवाजावरून मामांनी ओळखलं. त्यानं उजव्या हातावर टॉवेल टाकला होता. दोघांनी मान लववून एकमेकांना नमस्कार केला. तळ्याकाठी तासन् तास बोलणारी ही माणसं चटईवर बसून अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिली. मीच आपला धरणाच्या पाण्याबद्दल काहीबाही बोललो. त्याच्या बायकोनं चहा आणला. कप डाव्या हातानं घेताना टॉवेल घसरला.

उजव्या हाताला अंगठा होता. बाकी चार बोटं नव्हती.

मामांच्या मांडीवर हातमोज्यांचा पुडा होता. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. ते मी पाहिलं आणि त्या माणसानंही पाहिलं.

"काय आणलंय सर?" त्यानं विचारलं.

मामा खोटं बोलत नाहीत. त्यांनी पुडा पुढं केला. त्यानं तो अंगठ्यानं दाबून धरला, दातांनी दोरा तोडला आणि आतली जोडी बाहेर काढली. मग डावा मोजा मांडीवर धरून हात आत सरकवला, बोटं उघडमीट करून पाहिली आणि म्हणाला, "बरुबर बसला."

हळूहळू त्यानंच सांगितलं. एका छोट्या वर्कशॉपमध्ये तो प्रेसवर होता. प्रेसला दोन बटणं होती. माल लवकर निघावा म्हणून मालकानं त्यांतलं एक दाबून तारेनं बांधून ठेवलं होतं. बुधवारी बुधवारी मामा सांगत होते त्यातलं सगळं त्याला माहीत होतं, बोटं गेल्यावर कळलेलं. चष्मा त्याच्या भाच्यानं दिला होता; भाचा लोणावळ्यात पर्यटकांच्या खेळांच्या दुकानात कामाला होता आणि तिथला जुना झालेला चष्मा त्यानं याला आणून दिला. उजवी मूठ तो मनगटाला पट्ट्यानं बांधायचा.

"पयल्या दिशी घरात कुनी न्हवतं," तो म्हणाला. "तितं दोन्ही हात दिसले. धाच्या धा बोटं. फुडं धरून नुसता बसलो व्हतो सर, लय वेळ."

मामांचा चहा तसाच होता. ते म्हणाले, "मग मी तेच तेच सांगत होतो, ते ऐकत का बसलात? थांबवायचं होतंत मला."

त्यानं मोज्यातली बोटं मिटली. "आमाला कुनी सांगितलंच न्हवतं सर. उशिरा का हुईना, कुनीतरी सांगतंय, बरं वाटायचं."

परतीच्या वाटेवर मामांनी एकाही वळणाची सूचना दिली नाही, त्यामुळे मी फार जपून गाडी चालवली. पुढच्या बुधवारी त्यांनी वर्ग घेतला नाही. काळी-पिवळी पट्टी काढून टाकली आणि गॅलरीत जाऊन बसले. संध्याकाळी फोन वाजला तो मामींनी घेतला. पलीकडून तो विचारत होता की सर बरे आहेत ना, मी बाकावर बसलोय. मामींनी फोन मामांच्या हातात दिला, चष्मा कपाटातून काढून आणला आणि टीपॉय स्वतः उचलून बाजूला ठेवलं. वर्ग पुन्हा सुरू झाला. आता दोघं मिळून घेतात. मामा नियम सांगतात आणि तो, नियम नसला की काय होतं ते सांगतो. चाकणच्या दोन-तीन कारखान्यांतले सुपरवायझर हल्ली येऊन बसतात, आणि ससाही मुद्दाम येतो.

उजवा मोजा त्या विद्यार्थ्याच्या बायकोनं चुलीवरचं पातेलं उतरवायला घेतला आहे. तो त्या कामासाठी नाही, हे मामांनी तिला दोनदा सांगून पाहिलं.

सांगायला ते स्वतः तिथं जातात. महिन्यातून एकदा तरी बेगडेवाडीहून गाडीनं कामशेतला उतरतात, पुढं एसटी किंवा जीप मिळेल तसं जातात. मला वाटायचं, रोज तिकडं भेट होते तर हा खटाटोप कशाला. मागच्या वेळी मी त्यांना आणायला गेलो होतो. दोघं ओट्यावर शेजारी शेजारी बसले होते, समोर पाण्यावर ऊन कललं होतं, आणि कोणी काही बोलत नव्हतं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय गप्पा झाल्या?

"काही नाही," मामा म्हणाले. पट्टा लावला, ओढून बघितला. मग म्हणाले, "तिकडं चष्म्यात गप्प बसलं ना जावईबापू, की लोक विचारतात, नेट गेलं का? इथं कोणी विचारत नाही."